रागावून आलेल्यांची टोपली

सेलूला मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचो, त्या काकाजींना कोणी तोंडावर पापी म्हटलं की ते आधी विचारत, "हात धुतले का जी?"

शिव्याशाप द्यायला आलेला माणूस या प्रश्नानं गडबडे. तोवर काकाजींनी पाण्याचा तांब्या पुढे केलेला असे, आणि पुढे आलेल्या तांब्याखाली हात धरायची सवय आपल्याला लहानपणापासून असतेच. हात धुऊन झाले की त्याच्यापुढे सांभाराची टोपली सरके. सांभार म्हणजे कोथिंबीर. आमच्या भागात कोथिंबीर मागणारा माणूस पुण्याकडचा समजतात. "बोला तुमी," काकाजी म्हणत. "बोलता बोलता जुड्या बांधा. उद्या बाजार हाये."

आणि लोक बांधत. तीन-चार वर्षं मी हे पाहिलं आणि दर वेळी माझं डोकं उठलं. अरे, तू या माणसाला नरकात पाठवायला आला आहेस ना? मग पाठव आणि जा. पण नाही. बाजेवर बसून, मांडीवर सांभार घेऊन, मुळं एका ओळीत लावत लावत तो यांचा उद्धार करी. आणि काकाजी सगळं ऐकून घेऊन शेवटी एकच शब्द बोलत, "असंन."

असंन. म्हणजे असेल, तुमचं खरं असेल. या एका शब्दानं मला जेवढा त्रास दिला तेवढा ऑफिसातल्या कुठल्याही साहेबानं दिला नाही.

काकाजींचं घर गावाच्या टोकाला होतं, मातीचं, कवेलूच्या छपराचं. मागे विहीर आणि विहिरीभोवती वाडी. घराणंच भाजीपाला करणाऱ्यांचं. वांगी, मेथी, पालक, सांभार. पुढच्या छपरीला, म्हणजे ओसरीला, लागून एक खोली होती, ती मला मिळाली. मी तेव्हा सरकारी कचेरीत नवा लागलेला कारकून, आर्वीकडचा. सामान उतरवल्यावर मी पहिली गोष्ट विचारली, "काकाजी, देव कुठं मांडू?"

"खोली तुमची, देव तुमचे. खिळा ठोकाचा असंन त मले सांगजा, भित मातीची हाये."

मग त्यांनीच फळी आणली, दोरीनं माप घेतलं आणि ठोकून दिली. दिव्याची ज्योत वाशाला लागू नये म्हणून वर पत्र्याचा तुकडाही लावला. मी सहज विचारलं, तुमचे देव आतल्या खोलीत आहेत का? "आमच्याकडं नाईत जी," ते म्हणाले. घरात शिडी नाही, शेजारून आणावी लागेल, असं सांगावं तितक्या साधेपणानं.

मला वाटलं, मागे काहीतरी घडलं असेल. एखादं मूल गेलं असेल, नवस फसला असेल. मी खोदखोदून विचारलं. कारण काही नव्हतं. "मले पटत नाई, एवढंच. दुसऱ्याले पटते त पटू द्या." याचाही मला राग आला. कारण नसताना माणूस देव कसा सोडतो? काकूंना विचारलं तर त्यांचं याहून वरताण. "यायनं मले कधी नाई म्हन्लं नाई, बाबू. लगन झाल्यावर मी लावत होती दिवा. एक रोज इसरली. दुसऱ्या रोजी काईच झालं नाई. मंग राहूनच गेलं."

आणि गंमत अशी की मी सुटीत गावी गेलो की माझ्या देवांपुढे दिवा काकाजी लावत. मी सांगितलं नव्हतं. एकदा ठरल्यापेक्षा लवकर परतलो तर हे माझ्या खोलीत, धोतराच्या सोग्यानं फळीवरची धूळ पुसून वात सारखी करताहेत. मी दारातच थांबलो.

"काकाजी, तुमचा विश्वास नाही ना?"

"माहा नाई. तुमचा हाये ना. तुमचं काम राहून जाईन म्हून लावला."

न मानणाऱ्यानं लावलेला दिवा देवाला पोचतो की नाही, हे मला ठरवता येईना. मी तो विझवून पुन्हा लावला. त्यांच्यासमोरच. ते पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "तेल पुरते का पाहा."

भजनी मंडळाचे अध्यक्ष शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी होते. काकाजींना त्यांनी लहानपणी शिकवलेलं, त्यामुळे अरे-तुरेचा हक्क. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांना काकाजींच्या परलोकाची काळजी दाटून येई. आणि का कोण जाणे, ती नेमकी बाजाराच्या आदल्या संध्याकाळीच दाटे.

"तुह्या घरात दिवा नाई, आरती नाई," गुरुजी सुरू करत. "हे घर हाये का गोठा?"

"गोठा मांगं हाये, गुरुजी. मुळं एका बाजूनं घ्या."

"इषय बदलू नको."

"नाई बदलत. बोला ना."

"मेल्यावर तुह्यं काय होईन, याचा इचार केला का कधी?"

"तुमाले काय वाटते?"

"सिध्धा नरकात जाशीन."

"असंन. थोडी सैल बांधा, गुरुजी. आवळली का सकाळपावतर पानं काळी पडते."

हे सैल बांधण्याचं सांगायला हवं. मूठभर सांभार घ्यायचा, मुळं समान करायची, पाण्यात भिजवलेल्या अंबाडीच्या वाखाचे दोन वेढे द्यायचे आणि टोक आत खोचायचं. वेढा जास्त सैल झाला तर बाजारात जुडी सुटते. आवळला तर पानं गुदमरतात. चिडलेल्या माणसाच्या हातून ती हमखास आवळली जाई. पाहुणा तणतणत निघून गेला की काकाजी त्याच्या जुड्या एकेक करून सोडत आणि परत बांधत. सोडता सोडता त्यांना माणसाचा अंदाज येई. "आज गुरुजी लय तापले होते," ते गाठ नखानं उकलत म्हणत. किंवा, "आज त्यायचं मन नव्हतं, उगाच बोलले. हे पाहा, शेवटच्या जुड्या कशा मस्त बांधल्या."

मी म्हणालो, "काकाजी, तुम्ही उत्तर का देत नाही?"

"कशाचं?"

"ते तुम्हाला इतकं बोलले त्याचं."

"त्यायनं इचारलं कुठी काई? सांगून राह्यले होते. सांगनाऱ्याले काय उत्तर द्याचं?"

"आख्खी गल्ली ऐकत होती."

"ऐकू द्या. म्हन्यासाठी आले, म्हनून गेले. जुड्या त झाल्या." आणि वर माझीच समजूत काढल्यासारखं, "रिकाम्या हातानं माणूस भांडते, बाबू. हात कामात असले का नुसता बोलते."

बरं, हे धूर्तपणानं चालवलं होतं का? तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. फुकटात जुड्या बांधून घेतो, लबाड आहे, असं म्हणून मी मोकळा झालो असतो. पण सगळ्या जुड्या त्यांना परत बांधाव्या लागत. काम दुप्पट होई. म्हणजे तोही हिशेब बसेना.

एकदा टोपली जवळ होती म्हणून मीच हात घातला. काकाजींनी ती हळूच ओढून घेतली. "तुमी राहू द्या. तुमी त घरचे. ही टोपली रागावून आलेल्यायची." मी हसलो. मनातून सुखावलोही. त्या घरात देव नव्हते पण मी घरचा होतो, आणि याचा मला अभिमान होता हे आता लपवण्यात अर्थ नाही.

सप्ताहाचंही ऐका. महाप्रसादाला वांग्याची भाजी असे आणि वांगी वर्षानुवर्षं काकाजींच्या वाडीतली. एका वर्षी गुरुजींच्या मंडळानं ठरवलं की देव न मानणाऱ्याची भाजी प्रसादाला चालणार नाही. निरोप घेऊन दोघं आले. काकाजी म्हणाले, "बरं." मी खोलीत बसून दात खात होतो. वांगी सिंदीहून आली. ती बियांची निघाली. आचारी गावचाच, त्याला आपल्या नावाची काळजी. दुपारी तो वाडीच्या मागच्या कुंपणातून आला, काकाजींकडून पोतं भरून घेऊन गेला आणि कोणाला काही बोलला नाही. पंगतीत गुरुजी माझ्या शेजारीच होते. दोन वेळा भाजी घेतली आणि म्हणाले, "पाहा, शुद्ध हातचं असलं का चवच येगळी लागते."

मी घरी येऊन काकाजींना म्हणालो, आत्ताच्या आत्ता जाऊन सगळ्यांसमोर सांगतो. तेवढ्यापुरता त्यांचा आवाज जरा चढला. "खबरदार. जेवलेल्या माणसाच्या पोटात काऊन कालवता? चांगली लागली ना भाजी? मंग."

मंग काय? मंग काहीच नाही. हेच. या माणसाच्या प्रत्येक गोष्टीपुढे मंग काहीच नसे.

पण एका गोष्टीपुढे होतं. त्यांची मुलगी. तिला सगळे बेबी म्हणत. मॅट्रिक झालेली, वाडीचं सगळं काम येणारी, बोलायला फटकळ. मला ती "बाबूजी, तुमच्या देवायनं आज प्रमोशन देल्लं का?" असं विचारी. तिच्या लग्नाचं पाहत होते आणि जुळत नव्हतं. पत्रिका कोणी मागत नव्हतं, शेती बरी होती, नाक-डोळे चांगले होते. पण चौकशीला आलेला माणूस सेलूच्या स्टँडवर उतरला की घरापर्यंत पोचण्याआधी त्याला गुरुजींच्या मंडळातलं कोणीतरी भेटे. मग तो परतीच्या गाडीनं जाई. काकूंचं खाणंपिणं कमी झालं. काकाजी मात्र जुड्या बांधत.

हिंगणीचं एक स्थळ मात्र घरापर्यंत आलं. मुलगा शेती करणारा, सोबत त्याचे मामा. मामांच्या गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. ते येणार हे कळलं तेव्हा मी एक शहाणपणा केला. माझ्या खोलीतली फळी काढली आणि देवांसकट समोरच्या खोलीत नेऊन मांडली. हार घातला, उदबत्ती लावली. काकूंनी पाहिलं, पदर तोंडाला लावला, पण नको म्हणाल्या नाहीत. काकाजी वाडीत होते.

मामा आले ते आधी देवांसमोर गेले. हात जोडले, घंटा वाजवली, प्रसन्न झाले. "आमाले त भलतंच सांगितलं होतं लोकायनं," ते म्हणाले. तेवढ्यात काकाजी हात पुसत आत आले. मामांनी विचारलं, "हे बाळकृष्ण तुमच्याकडं कधीपासून? वाडवडिलायचे काय?"

मी काकाजींकडे पाहिलं. नुसतं हो म्हणायचं होतं. एक शब्द. त्यांचा लाडका 'असंन' म्हटला असता तरी निभलं असतं.

"हे देव या बाबूचे हायेत," काकाजी म्हणाले. "खोली यायनं भाड्यानं घेतली हाये. आमच्या घरी देव नाईत."

मामा उठले. ज्या घरात देवाच्या नावानं धूळफेक होते तिथलं पाणी आम्हाला चालणार नाही, असं म्हणाले आणि पुढेही बरंच म्हणाले. काकाजींनी ऐकून घेतलं. "पानी ठेवलं हाये. पेलं नाई तरी चालते. पन गाडीले टाईम हाये, उन्हात कुठी उभे राह्यता? बसा छपरीत." आणि मग, देवाशपथ, त्यांनी तांब्या पुढे केला. "हात धुतले का जी?"

मामांनी हात मागे घेतले. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. पण तो मुलगा पुढे आला, त्यानं हात धुतले, टोपली ओढून घेतली आणि मान खाली घालून जुड्या बांधत बसला. मामा वर तोंड करून बोलत होते, हा बांधत होता. गाडीची वेळ झाली तेव्हा त्यानं मामांसाठी भरून ठेवलेला पेला उचलला, पाणी पिऊन टाकलं आणि मामांच्या मागे निघून गेला. पुढे दीड-दोन वर्षांनी तो एकटाच परत आला आणि बेबीचं लग्न त्याच्याशीच झालं. मामा लग्नाला नव्हते म्हणे. मीही नव्हतो. मी बदली मागून हिंगणघाटला गेलो होतो.

त्या दिवशी मात्र मी काकाजींवर तुटून पडलो. पोरीचं वाटोळं केलंत, म्हणालो. एका शब्दासाठी.

"बाबू," ते म्हणाले, "पोरगी त्या घरी गेली असती. देव इथीच राह्यले असते, तुमच्या फळीवर. मंग तिनं तठी रोज काय सांगाचं?"

मी जास्तच चिडलो. फळी परत माझ्या खोलीत ठोकली, स्वतः, मापाविना. ती तिरपी बसली.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. माझ्या बायकोलाही मी हे सांगितलेलं नाही.

त्यानंतरचा बाजार. आदल्या संध्याकाळी मी छपरीत बसलो होतो, काकाजी जुड्या बांधत होते. काकू आतल्या दाराच्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. आत बेबी भांडी घासत होती.

"बाबू, एक बोलू? राग मानू नोका."

"बोला ना, काकू."

"तुमी आमाले पाह्यलं हाये. कसे हाओत, कसे नाई. पोरगीबी पाह्यली हाये. जात एकच हाये. तुमच्या आईले एकडाव इचारून पाहा ना."

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

बेबी मला आवडत नव्हती असं नाही. ती 'तुमच्या देवायनं' म्हणायची तेव्हा मी मुद्दाम उत्तर द्यायला उशीर करायचो, म्हणजे ती आणखी थोडा वेळ उभी राहील. आणि तरीही मी म्हणालो, "काकू, माझ्या आईला देव नसलेलं घर चालणार नाही."

इथंच थांबायला हवं होतं. पण मी बोलत राहिलो. ज्या घरात दिवा लागत नाही तिथल्या मुलीला संस्कार काय असणार, असं म्हणालो. लोक काय म्हणतील, म्हणालो. काकाजींच्या हट्टापायी हे दिवस आले, देवाला लाथाडलं की असंच होतं, असंही म्हणालो. ती वाक्यं माझी नव्हती, सगळी गुरुजींची होती, याच छपरीत ऐकलेली. ती मला पाठ झाली होती हे तेव्हाच कळलं. माझ्या देवांपुढे ज्यानं दिवा लावला होता, त्याच्यासमोर बसून मी ती म्हणत होतो.

आईला मी कधीच विचारलं नाही. पुष्कळ वर्षांनी, मी दोन मुलांचा बाप झाल्यावर, बोलता बोलता तिला म्हणालो की सेलूला असं असं एक स्थळ सांगून आलं होतं, पण त्यांच्या घरी देव नव्हते. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग? आपल्या घरी देव काय कमी होते?"

तर त्या संध्याकाळी माझं बोलून झालं. काकू आत गेल्या. भांडी परत वाजू लागली, पण सावकाश. मी काकाजींच्या 'असंन'ची वाट पाहत होतो. त्यांनी शेजारचा तांब्या उचलला आणि माझ्यापुढे धरला.

"हात धुतले का जी?"

मला ते नेहमी बाबू म्हणत.

मी हात पुढे केले. त्यांनी पाणी घातलं. मग टोपली माझ्यापुढे सरकवली, आणि ती रिकामी होईपर्यंत मी बांधत राहिलो. मग सवयीप्रमाणे त्यांनी माझ्या जुड्या सोडायला घेतल्या. पहिली उचलली, तर वेढा गळून हातात सांभार पसरला. दुसरीही तशीच. तिसरी तर नख लावायच्या आतच सुटली. एकही आवळलेली नव्हती. सगळ्या नुसत्या उचलताच सुटत होत्या.

सुटलेला सांभार मांडीवर घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी रागावून आलेल्या कोणाला कारण विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"याच्यात त राग नाई दिसत, बाबू," ते म्हणाले. "मंग काऊन म्हन्लं?"

ते खरोखर विचारत होते. मग वाख पाण्यातून काढला आणि माझी पहिली जुडी परत बांधायला घेतली.